मानसूवाली बाई

काउंटरवर फोन तीन होते आणि ओक्बुनला गळेही तीन. लाल फोन वाजला की ती खणखणीत आवाजात ओरडायची, "होंगदो, बोला!" पांढरा वाजला की जरा नाकातून, घाईघाईने, "सामह्वा, काय पाठवू?" काळा फोन क्वचितच वाजायचा. तो वाजला की गळा असा मऊ व्हायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई जन्मात कुणावर खेकसली नसेल. "मानसूमधून बोलतेय हं. सांगा ना, काय आवडेल?"

तिन्ही दुकानांचा स्वयंपाक एकाच कढईत व्हायचा. ती कढई मागच्या बाजूला तिचा नवरा दुशिक हलवायचा.

ही अक्कलही त्याचीच. त्यांच्या बुप्यंग भागात घरोघरी फ्रिजवर जेवण पोचवणाऱ्या दुकानांची चुंबकाची रंगीत कार्डं चिकटवलेली असतात. त्यांच्यावर नाव असतं, फोन नंबर असतो, पत्ता कुणी छापत नाही आणि कुणी विचारतही नाही. होंगदोच्या नूडल्स गार आल्या म्हणून गिऱ्हाईक भडकलं, "पुन्हा तुमच्याकडचं खाल्लं तर बघा," म्हणून त्याने फोन आपटला, की ते फ्रिजपाशी जाऊन दुसरं कार्ड शोधणार. मग ते दुसरं कार्डही आपलंच का असू नये? तिसरंही? दुशिक स्वतःवर भलताच खूश होता. खूश व्हायला त्याचं काय जातं! गळे ओक्बुनला काढावे लागायचे.

बारा ते दोन तिला श्वास घ्यायला फुरसत नसे. तिन्ही फोन एकदम बोंबलायला लागले की एका कानाला रिसीव्हर, दुसऱ्या खांद्यावर रिसीव्हर, आणि तोंडातून कुठला आवाज निघेल याचा नेम नाही. रात्री अंथरुणावर पडली की नवऱ्याशी बोलायलाही आवाज उरत नसे. पंचावन्न वर्षांची बाई, वीस वर्षं एकाच स्टुलावर. तिला म्हातारपणाची भीती नव्हती, म्हातारी व्हायला वेळ कुठून काढायचा हीच पंचाईत होती.

तरी काळ्या फोनवर तिचा जीव होता. कारण त्या फोनवर तिची ताई यायची.

जोंगनिम, तिची सख्खी मोठी बहीण. दोघींना भाऊ नाही, म्हणून आईच्या तिथीचं ताट एक वर्ष ताईकडे, एक वर्ष ओक्बुनकडे. चार वर्षांपूर्वी पाळी ओक्बुनची होती. त्या दिवशी नेमकी एका कारखान्याची मोठी ऑर्डर आली, संध्याकाळपर्यंत तिचे पाय सुजून खांब झाले, आणि घरी जाऊन मासे तळायचे, भाज्या परतायच्या, तांदळाच्या वड्या रचायच्या म्हटल्यावर तिच्या अंगावर काटा आला. तिने काय करावं? दुशिककडून दुकानातलंच तळलेलं मांस, मासे, करंज्यांसारखे मांदू करून घेतले, गिऱ्हाइकांकडे जातो त्याच, सगळ्याच दुकानांत असतो तसल्या पत्र्याच्या डब्यात भरले आणि घरी आणून पितरांच्या ताटात मांडले. दिसायला छान दिसत होते. पण ताई लवकर आली आणि तिने तो डबा पाहिला.

"आईला पार्सल जेवायला घालतेस?" ताई म्हणाली. "मेलेल्या आईला? ह्या डब्यातलं?"

"खाऊन बघ, चांगलं झालंय," ओक्बुन म्हणाली. यापेक्षा वाईट उत्तर त्या वेळी दुसरं नव्हतं.

"ह्या डब्यातला एक दाणा माझ्या तोंडात गेला तर मी आईची लेक नाही," असं म्हणून ताई बूट घालून निघून गेली. तेव्हापासून बोलणं बंद. मुलाचं लग्न झाल्यावर ताईने राहतं घर बदलल्याचं ओक्बुनला कुणाकडून तरी कळलं. नवीन पत्ता नाही, नंबर नाही.

आणि मग एके दिवशी काळा फोन वाजला. "एकच वाटी पाठवाल का हो?" असं ताईचा आवाज म्हणाला.

एक वाटी कुणी पोचवत नाही. निदान दोन तरी हव्यात, नाहीतर गाडीचं पेट्रोलसुद्धा सुटत नाही. ओक्बुन ताई म्हणणारच होती. पण गळा मानसूचा लागलेला होता, तो तसाच पुढे बोलत राहिला. "पाठवते की. एक काय, अर्धीसुद्धा पाठवते. पत्ता सांगा."

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा फोन यायचा. एक जाजांगम्यन, म्हणजे काळ्या सॉसमधल्या नूडल्स, कधी सोबत मांदू. दुशिक कुरकुरायचा, "ही कोण एकवाटीवाली महाराणी? वर लिफ्ट नाही, थेक्सू रडतो रोज." थेक्सू म्हणजे मोटरसायकलवर डबे पोचवणारा. पन्नाशीचा माणूस, जिने बघितले की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. ओक्बुन दोघांनाही सांगायची, "माझं गिऱ्हाईक आहे, तुम्ही बोलू नका." ती एकवाटीवाली कोण, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर एक दिवस थेक्सूच्या तोंडून निसटलं असतं, आणि एकदा का ताईला कळलं की तीन वर्षं आपण त्याच डब्यातलं खातोय, तर मग काळा फोनही गेला असता. तोही गेला की बहीण कायमची गेली.

अशात दुशिकला यंत्राचं खूळ लागलं. पलीकडच्या गल्लीतल्या कोंबडीवाल्याने ते बसवलं होतं. फोन वाजला की कंप्युटरच्या पडद्यावर नंबर येतो, नंबराबरोबर पत्ता येतो, मागच्या वेळी काय मागवलं तेही येतं.

"तुला काही लक्षात ठेवायला नको," दुशिक म्हणाला. "एकदा हे लागलं की फोनवर कुणीही बसेल. माझ्या भाचीला बसवू. तू मागे निवांत कांदे सोल."

"निवांत कांदे सोल म्हणे," ओक्बुन म्हणाली. तीन गळ्यांपासून सुटका व्हावी म्हणून ती किती दिवस आसुसलेली होती. आणि आता सुटका दारात आली, तर काळ्या फोनवर भाची बसणार. ती च्युइंगम चघळत म्हणणार, एक वाटी? नाही पोचवत. टक्.

यंत्र बसवायला ग्वाक नावाचा माणूस आला. गळ्यात वायरींचं भेंडोळं, खिशात स्क्रूड्रायव्हर, आणि बोलणं असं की जणू ह्याच घरात लहानाचा मोठा झालाय.

"मावशी, एवढी जागा करा. हे तीन फोन गेले आता. एकच राहील. फोन कुठल्या दुकानाला आलाय ते पडदा सांगेल."

"आणि पडदा चुकला तर?"

"पडदा चुकत नाही, मावशी. माणसं चुकतात."

त्याने साबणाच्या वडीएवढी काळी डबी काढली. तिला एका बाजूला चार भोकं, दुसऱ्या बाजूला एक शेपटी. भिंतीतून आलेल्या वायरी डबीत, डबीतून फोनमध्ये, आणि शेपटी कंप्युटरला. सांगायला सोपं, पण पहिला तास काही केल्या पडद्यावर नंबर उमटेना. ग्वाकने आपल्या मोबाइलवरून फोन लावावा, फोन खणाणावा आणि पडदा ढिम्म. दुशिक मागून कढई सोडून सोडून येत होता. "बोगस माल आहे का हो?" शेवटी कळलं की शेपटी कुठल्या खाचेत घातली आहे ते कंप्युटरला सांगायचंच राहिलं होतं. ग्वाकने ते सांगितलं आणि पुन्हा मोबाइल लावला. पडद्यावर निळी चौकट उघडली, तिच्यात त्याचा नंबर.

"झालं!" ग्वाक म्हणाला. मग भिंतीतून ज्या क्रमाने वायरी निघाल्या होत्या त्याच क्रमाने त्याने नावं भरली. पहिलं भोक होंगदो, दुसरं सामह्वा, तिसरं घर, चौथं मानसू. घरचा फोन म्हणजे वरच्या खोलीतला. त्या नंबरावर फक्त त्यांची लेक मिरान करायची, पुसानहून. दुकानाच्या लाइनी अडकू नयेत म्हणून घरच्याच नंबरावर करायची. तो फोनही इथे खाली घेता येईल, असं ग्वाकने सुचवलं, आणि ह्या सगळ्या उपद्व्यापात ओक्बुनला तेवढीच एक गोष्ट बरी वाटली.

"भाची पुढच्या आठवड्यात येईल," दुशिक म्हणाला.

"येऊ दे. मानसूचे फोन मीच घेणार."

"का बरं?"

"घेणार म्हटलं ना."

ग्वाक गेला. ओक्बुन भाजी आणायला बाहेर पडली. दुशिक एकटाच डबीसमोर हात मागे बांधून उभा राहिला. आपल्या पैशाची वस्तू माणूस जरा न्याहाळतोच. आणि न्याहाळताना त्याच्या लक्षात आलं की मानसूची वायर चौथ्या भोकात आहे.

चार! इथल्या इमारतींत चौथा मजला नसतो, तिसऱ्यानंतर थेट पाचवा येतो. दवाखान्यात चार नंबरची खोली नसते. चार हा मरणाचा आकडा, दोन्हींचा उच्चारही एकच, आणि मानसू म्हणजे दीर्घायुष्य. आधीच त्या दुकानाचा धंदा मेलेला, का मेलेला ते आता कळलं! दुशिकने स्टूल ओढलं आणि घरची वायर तिसऱ्या भोकातून उपटून थेट भिंतीला लावली. आपलं घर कुणी चौथ्यात घालतं का? मग मानसूची वायर त्याने तिसऱ्यात खोचली. चौथं भोक चिकटपट्टीने बंद केलं. नावं भोकांना दिलेली असतात, वायरींना नाही, हे त्याच्या डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं. वायरीबरोबर नावही सरकत असणार, असं समजून तो हात पुसून कढईकडे गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्राने खरंच जीव वाचवला. निळी चौकट उघडली, होंगदो. ती होंगदोच्या गळ्यात बोलली. चौकट उघडली, सामह्वा. ती नाकातून बोलली. नंबर आपोआप येत होते, पत्ते ती एका बोटाने भरत होती. गर्दी उसळली तरी गोंधळ नाही. थेक्सू डबे भरता भरता म्हणाला, "वहिनी, आज तुमच्या कपाळावर आठी नाही. तब्येत बरी आहे ना?"

"डबा उचल आणि चालता हो," ती म्हणाली, पण हसून.

तेवढ्यात फोन वाजला. चौकटीत आलं, घर.

मिरान! ओक्बुनने झडप घालून रिसीव्हर उचलला. कुठलाच गळा लावला नाही. घरच्या फोनला कुणी गळा लावतं का? "हॅलो, बोल गं राणी," ती म्हणाली. "जेवलीस का? आवाज का येत नाहीये? बरी आहेस ना?"

पलीकडे कुणीतरी श्वास घेतला. नुसताच.

"अगं बोल की!"

"मी मानसूला फोन केला होता," ताई म्हणाली.

ओक्बुनने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मानसूचा गळा अजून लावता आला असता. अय्या, चुकून दुसरीच लाइन लागली वाटतं, असं मऊ आवाजात म्हणून निभावून नेता आलं असतं. तिने तोंड उघडलंही. पण तो आवाज काढायला जे काही लागतं ते आत शिल्लकच नव्हतं.

"ताई," ती म्हणाली.

फोन बंद झाला. पडद्यावर निळी चौकट तशीच होती. तिच्यात घर, आणि त्याखाली एक अनोळखी नंबर.

तिने खाली वाकून डबी पाहिली. तिसऱ्या भोकात मानसूची वायर आणि चौथ्यावर चिकटपट्टी.

"हे कुणी केलं?"

"मी," दुशिक मागून अभिमानाने म्हणाला. "मानसूला चौथ्यात घातलं होतं त्या मूर्खाने!"

ओक्बुनला ओरडायचं होतं. तीन वर्षं हळूहळू जपलेली गोष्ट ह्या माणसाने एका चिकटपट्टीने मारून टाकली होती. पण ओरडायचं म्हणजे आणखी एक आवाज काढणं आलं. तिने एप्रन सोडला.

"एक जाजांगम्यन द्या."

"कुणाची ऑर्डर?"

"माझी. द्या."

त्याने वाटी भरली. तिने ती पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि डबा उचलला.

"अगं, चाललीस कुठे? दुपारचे फोन कोण घेईल?"

"तुमचं यंत्र घेईल," ती म्हणाली आणि बाहेर पडली. मागे फोन वाजायला लागला होता.

ताईची इमारत वीस मिनिटांवर होती. लिफ्ट नाही, हे ती थेक्सूच्या रडगाण्यातून तीन वर्षं ऐकत आली होती. चढताना कळलं की तो बिचारा खरंच बोलत होता. दर मजल्यावर थांबून, कठडा धरून ती वर पोचली. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. ताईने बहुतेक पावलं ऐकली असावीत.

चार वर्षांत ताईचे केस पुरते पांढरे झाले होते. तिने आधी ओक्बुनकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"डबा तोच."

"तोच," ओक्बुन म्हणाली.

"तीन वर्षं तोच?"

"हो."

आता दार बंद होणार, असं ओक्बुनला वाटलं. बंद झालं असतं तर ती तिथेच पायरीवर बसली असती. परत खाली उतरायची ताकद नव्हती. ताई म्हणाली, "आत ये. गार वारा येतोय."

खोली छोटी होती, जमीन उबदार होती. ओक्बुनने बुटक्या टेबलावर वाटी ठेवली, वरचा प्लॅस्टिकचा कागद काढला. नूडल्स फुगून गोळा झाल्या होत्या.

"अगं बाई, फुगल्या की सगळ्या!"

"नेहमीच फुगलेल्या येतात," ताई म्हणाली. "तुझा तो माणूस दर मजल्यावर बसतो."

"मग मागवायचीस कशाला?"

"नूडल्ससाठी कोण मागवतंय!" ताईचा आवाज एकदम चढला. "त्या बाईसाठी मागवायचे मी! मानसूवाली. गुडघा काय म्हणतो म्हणून विचारायची. मुलाचा फोन आला का, रात्री झोप लागली का विचारायची. दोन मिनिटं बोलायची, पण मनापासून. कधी कधी मला भूकसुद्धा नसायची, तरी फोन करायचे. सगळ्या बुप्यंगमध्ये मला विचारणारी तेवढी एक बाई होती. आणि तीही तूच निघालीस."

ओक्बुनने प्लॅस्टिकचा कागद घडी घालून बाजूला ठेवला.

"मी तिला तुझ्याबद्दलही सांगितलं होतं. माझी एक बहीण आहे म्हटलं, उद्धट, तोंडाळ. आईला पार्सल खाऊ घातलं म्हटलं. तर ती म्हणाली..." ताई थांबली.

ओक्बुनला आठवत होतं. गेल्या हिवाळ्यात, गर्दी ओसरल्यावर. मऊ आवाजात ती म्हणाली होती, दमली असेल हो बिचारी, नाहीतर आईच्या ताटात कुणी असं करतं का.

"मला पटलं ते," ताई म्हणाली. "दोन रात्री विचार केला. परकी बाई सांगतेय, तिला काय पडलंय खोटं बोलायचं? या वर्षी तिथीला तुझ्याकडे यायचं मी ठरवलं होतं. आणि आता कळतं की स्वतःची वकिली तू स्वतःच करत होतीस! आता कुणाच्या शब्दावर येऊ मी? सांग ना. बोल. त्या आवाजात नको, ह्या आवाजात बोल."

"दमले होते मी," ओक्बुन म्हणाली. आवाज घोगरा, फाटलेला निघाला. "त्या दिवशी पायावर उभं राहवत नव्हतं. तू विचारलंस आणि मला लाज वाटली, म्हणून उलटून बोलले. दमले होते, ताई. आताही दमलेय. रोज दमते."

ताईचे डोळे भरून आले आणि ती चिडून म्हणाली, "मग हे तेव्हा म्हणायला काय झालं होतं? दमले गं ताई. एवढंच. मी तळले असते ना मासे! चार वर्षं घालवलीस, मेले."

ओक्बुन रडायला लागली. आवाज न करता, नाक पुसत. ताईने कपाटातून उशी काढली आणि उबदार जमिनीवर टाकली.

"पड जरा."

"दुकानात फोन..."

"पड म्हटलं ना."

ती आडवी झाली. भर दुपारी आडवं होऊन तिला किती वर्षं झाली होती कोण जाणे. जमिनीची ऊब पाठीत शिरली. टेबलापाशी ताई फुगलेल्या नूडल्स काड्यांनी सोडवून खायला लागली होती, सुर्र आवाज करत. बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. ओक्बुनचे डोळे मिटले.

मग कोपऱ्यातला फोन वाजला. पडद्यावरचा तो नंबर शेवटी दुशिकला सापडला असणार. ओक्बुन धडपडत उठायला गेली, पण ताईने हात दाबून तिला परत निजवलं आणि रिसीव्हर उचलला. पलीकडचा आरडाओरडा खोलीभर ऐकू येत होता.

"झोपलीय ती," ताई म्हणाली. "हो, दुपारचीच झोपलीय. दमलीय ना. तुमचे फोन तुम्ही घ्या."

तिने फोन ठेवला आणि वाटी पुन्हा पुढे ओढली.